थंडीत धूर वर जात नाही

आज सकाळी यंदाची पहिली थंडी जाणवली. वाडीत गेलो तर केळीच्या पानांवरून दव टपटपत होतं, वालाच्या मांडवाखालची माती पावसाने भिजल्यासारखी काळी झाली होती आणि चर्चची घंटा रोजच्यापेक्षा जवळ वाजल्यासारखी वाटली. मी विहिरीपाशी उभा राहिलो आणि पूर्वेकडे तोंड करून हवा हुंगू लागलो. बायकोने ओटीवरून विचारलं, "कसला वास घेताय?"

"काही नाही. उगाच."

तिने पुढे विचारलं नाही. थंडी पडली की मी असा उभा राहतो, हे तिला माहीत आहे. हिवाळ्यात आमच्या वटारला सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. रेल्वेच्या आणि महामार्गाच्या पलीकडून, सातिवलीच्या कारखान्यांच्या बाजूने तो येतो. एवढ्या अंतरावरून धुराचा वास येणं शक्य नाही असं मी त्या वर्षी म्हणालो होतो. ग्लॅडिस टीचर म्हणाल्या होत्या, "तुमचं नाक आयुष्यभर सोल्डरच्या धुरात गेलंय, विष्णूभाऊ. तुम्हाला कसा येईल?"

त्यात चुकीचं काही नव्हतं. वसईत माझं टीव्ही आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. बोर्ड समोर धरला की कुठला भाग जळालाय हे मला वासावरून कळतं. रेझिस्टर जळाला तर एक वास, ट्रान्सफॉर्मर जळाला तर दुसरा. सोल्डर वितळताना उठणारी बारीक निळसर धुराची रेघ मला इतकी सवयीची झाली होती की घरी आलो की बायको सदरा आधी बाहेर टांगायला लावायची. त्या वासाचं मला कधी भय वाटलं नाही. तो माझ्या पोटापाण्याचा वास होता.

टीचर आमच्यापासून चार घरं सोडून राहतात. शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर वाडीत चाफा आणि जास्वंदी लावली, चर्चच्या गायनात अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा स्वर, म्हणू लागल्या, आणि आता बाई शांत बसतील असं सगळ्यांना वाटलं. मग एका नोव्हेंबरात त्या माझ्या दुकानात आल्या आणि पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक काळाठिक्कर बोर्ड काढून काउंटरवर ठेवला.

"हे कशाचं आहे?"

मी उलटसुलट करून पाहिला. "टीव्हीचा मेन बोर्ड. तव्यावर भाजलाय. खालचं सोल्डर वितळलं की वरचे भाग आपोआप सुटतात. भंगारवाले असंच करतात."

"सोल्डरमध्ये काय असतं?"

"कथील. आणि शिसं. जुन्यांमध्ये तर शिसं भरपूर."

"आणि हे भाजताना जी बाई वर वाकून बसलेली असते, तिच्या नाकात काय जातं?"

बिघडलेले बोर्ड मी स्वतः वर्षानुवर्षं भंगारवाल्याला देत आलो होतो. गोणी भरली की तो यायचा आणि न्यायचा. कुठे नेतो हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवर मागे बसून टीचर मला सातिवलीला घेऊन गेल्या. सकाळचे सात वाजले असतील. भंगाराच्या गाळ्यांच्या रांगेमागे मोकळी जागा होती, तिच्या कडेने नाला. तिथे धूर होता आणि तो वर जात नव्हता. छातीच्या उंचीवर पसरून राहिला होता, एखाद्याने चादर धरावी तसा. खाली वायरींचे ढीग जळत होते. प्लास्टिक जळून गेलं की आतलं तांबं काढायचं. टीचर माझ्या कानाशी म्हणाल्या, "थंडीत जमिनीजवळची हवा गार असते आणि वरची उबदार. धुराला वर जायला वाटच नसते. सातवीच्या मुलांना मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवायचे."

एका गाळ्याच्या दारात बायका बसल्या होत्या. त्यांतली एक उठून आली. पस्तिशीची असेल. हातात हातोडी, बोटांच्या पेरांत काळं रुतलेलं, आणि चेहऱ्यावर टीचरना पाहून आलेलं शाळकरी हसू.

"हे विष्णूभाऊ," टीचर म्हणाल्या. "आणि ही सुमन. पाड्यावरच्या शाळेत माझी पहिली नोकरी होती ना, तिथली. पाढे म्हणायला सांगितलं की रडायची."

"आतापन रडते," सुमन म्हणाली. "धुरानं."

सुमन पिक्चर ट्यूब फोडायची. मी तिला एकदा फोडताना पाहिलं. मानेवर नेमका घाव, आतली पोकळी हवा ओढून घेताना होणारा फुस्स आवाज, मग काचेच्या आतल्या बाजूची पांढरी पूड हवेत उडालेली. त्या पुडीमुळेच पडद्यावर चित्र उमटतं. त्या काचेत शिसं असतं. मी तिला हे सांगायला लागलो तर ती म्हणाली, "भाऊ, टीचरनी सांगितलं सगळं. मला माहीत आहे. माहीत असून करते मी."

ती बोलताना मध्येच थांबायची, श्वास घ्यायची आणि वाक्य पुरं करायची. मला आधी वाटलं, ती शब्द शोधतेय.

त्या महिन्यात आमच्या सकाळी सातिवलीतच जाऊ लागल्या. माझं काम एकच होतं. ढिगातल्या सांगाड्यांवरची नावं वाचायची. मागच्या झाकणावरची पट्टी निघालेली असली तरी बोर्डाच्या रचनेवरून माल कुठल्या कंपनीचा आहे हे मी सांगू शकतो. एका मोठ्या कंपनीचे सेट सगळ्यांत जास्त निघाले. नाव नाही लिहीत. तुमच्याही घरी तिचा एखादा असेल. टीचर वहीत टिपून घेत होत्या आणि मी एकेका सांगाड्यापाशी बसून आठवत होतो. हे मॉडेल चांगलं चालायचं. याचा आवाज गोड होता. याच्यावर लोकांनी लग्नांच्या कॅसेटी पाहिल्या असतील. ज्या वस्तूंनी माझं घर चालवलं त्यांची प्रेतं मी ओळखत होतो.

टीचरनी कंपनीला पत्र लिहिलं. कायदा त्यांनी नीट वाचला होता. ज्याने वस्तू बनवली त्याचीच ती शेवटी परत घेण्याची जबाबदारी. उत्तर आलं, गुळगुळीत कागदावर. आमची सर्व जुनी उत्पादने अधिकृत केंद्रात सुरक्षितपणे मोडली जातात, असं त्यात होतं. सोबत प्रमाणपत्राची प्रत. टीचरनी ती सुमनला वाचून दाखवली. सुमन म्हणाली, "म्हंजे मी अधिकृत आहे?"

आम्ही हसलो. आज ते हसू आठवलं की बरं वाटत नाही.

सेट कंपनीच्याच दारात नेऊन ठेवायचे, ही कल्पना टीचरचीच. ज्याचं त्याला परत. डिसेंबर लागला होता. घराघरांवर नाताळचे तारे टांगले गेले होते, चर्चमध्ये आगमन काळाची मेणबत्ती लागली होती. टीचरनी गायनातल्या बायकांना विचारलं, त्यांनी वाडीवाल्या बायकांना, आणि एका शनिवारी सकाळी टेम्पोत फुटके टीव्ही, मॉनिटर, प्रिंटर भरून आम्ही मुंबईला निघालो. टेम्पोत कोणीतरी डब्यातून भाजलेल्या वालाच्या शेंगा आणल्या होत्या. टेम्पोभर त्यांचा वास. बायका नाताळची गाणी म्हणत होत्या. सुमनला शब्द येत नव्हते, ती टाळ्या वाजवत होती.

खरं तर ती येणार नव्हती. गाळ्याच्या शेठने सांगून ठेवलं होतं, जिचा फोटो छापून येईल तिने परत कामावर यायचं नाही. टीचर म्हणाल्या, "तू येऊ नकोस, आम्ही बोलू." पण निघायच्या वेळी ती महामार्गावर उभी होती, इस्त्रीच्या साडीत.

"तुमी काय बोलनार, टीचर? तुमचे हात तर गोरे."

कंपनीच्या काचेच्या इमारतीसमोर आम्ही फुटपाथवर बसलो. प्रत्येकीच्या मांडीवर एकेक सेट. लेकरू घेऊन दवाखान्यात नंबर लावून बसतात तशा बायका बसल्या होत्या. वॉचमन गोंधळला. जाणारे-येणारे थांबू लागले, मोबाइल काढू लागले. तासाभराने एक अधिकारी खाली आला. तरुण, नीटनेटका, बोलायला अतिशय नम्र.

"काका, हे आमचंच आहे कशावरून?"

मी उठलो. जन्मात कधी मी चार माणसांसमोर बोललो नव्हतो. पण त्याने मला माझ्या कामाचं विचारलं होतं. मी एकेका सेटजवळ जाऊन सांगत गेलो. हे तुमचं अमुक मॉडेल, हा याचा क्रमांक, याच्यात उभ्या रेषा यायच्या कारण तुम्ही एक भाग हलका वापरलात. हे त्याच्यानंतरचं. याचे सुटे भाग तुम्ही लवकरच बंद केलेत, म्हणून हे दुरुस्त करता आलं नाही, म्हणून हे इथे आहे. मी बोलत होतो आणि तो ऐकत होता, आणि मला जाणवलं की या मुलाने स्वतःच्या कंपनीचा एकही सेट उघडून पाहिलेला नाही.

मग एका वार्ताहर मुलीने सुमनसमोर माइक धरला. सुमनने सेट खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून. "हे बघा," एवढंच म्हणाली. मग श्वास घेतला. "साबनानं जात नाय."

त्यांनी आमच्यातल्या तिघांना आत बोलावलं. टीचर, मी आणि सुमन. आत चहा आला, पांढऱ्या कपांत. सुमनने काचेच्या भिंतीला बोट लावून पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "भाऊ, इथं वास कसलाच नाय." कपाच्या कडेवर तिच्या बोटांचे डाग उठले तेव्हा तिने ते पदराने पुसले.

आम्ही जिंकलो, असं सगळे म्हणाले. कंपनीने लेखी दिलं. दुकानादुकानांत जुन्या वस्तू परत घेण्याची हिरवी पेटी ठेवू, मोठे सेट असतील तर टेम्पो पाठवून उचलू, आणि पुढचं सगळं अधिकृत केंद्रात. पहिली पेटी माझ्या दुकानात आली. तिच्यावर पानाचं चित्र होतं. छोटासा कार्यक्रम झाला, त्या नम्र अधिकाऱ्याने टीचरना कुंडीतलं रोप दिलं, फोटो काढला. नाताळच्या मिस्सेत, चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेत, फादरनी टीचरचं नाव घेतलं. टीचर लाजून खाली बघत राहिल्या.

छापून आलेल्या बातम्यांनंतर जानेवारीत सातिवलीच्या त्या गाळ्यांना सरकारी कुलूप लागलं. आम्ही पाहायला गेलो. मागच्या जागेत धूर नव्हता. नाल्याकाठी बगळे उभे होते. टीचर त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बघा, किती लवकर येतात परत."

सुमन त्याच आठवड्यात त्यांच्या घरी आली. मी तिथेच होतो, त्यांचा मिक्सर बघत होतो. ती ओटीवर बसली नाही, पायरीखालीच उभी राहिली.

"टीचर, धूर गेला. चांगलं झालं. पन आमी चौदा जनी घरी बसलो. आमचं काय ठरलं होतं त्या कागदात?"

टीचरनी कागद आणला. चष्मा लावला. शेवटपर्यंत वाचला. त्यात काय आहे हे त्यांना पाठ होतं, तरी वाचला. त्यात पेट्या होत्या, टेम्पो होते, केंद्र होतं. बायका नव्हत्या. लिहिताना आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सुमनच्याही नाही. ती त्या दिवशी चहाचा कप पुसत होती.

"मी त्यांना परत लिहिते," टीचर म्हणाल्या.

"लिवा," सुमन म्हणाली. रागाने नाही. शाळेत बाईंनी सांगितल्यावर म्हणतात तसं.

टीचरनी लिहिलं. चार पत्रं, पाच पत्रं. एकाचं उत्तर आलं, विषय संबंधित विभागाकडे पाठवल्याचं. सुमन काही दिवस बांधकामावर गेली, पावसाळ्यात भातलावणीला. मग कळलं की तिला खाडीपलीकडे कुठेतरी काम मिळालं. काय काम, हे आम्ही विचारलं नाही. मला वाटतं, आम्हाला विचारायचं नव्हतं.

पुढच्या थंडीत तिचा फोन आला. दुपारची वेळ, मी एकटा दुकानात होतो.

"भाऊ, तुमी टीव्हीच्या आत नाव लिवता काय?"

माझा हात थांबला. मी लिहितो. दुरुस्त केलेल्या प्रत्येक सेटच्या मागच्या झाकणावर, आतल्या बाजूने, पेन्सिलीने: नाव, गाव, तारीख. माझ्या उस्तादाची शिकवण. पुढच्या वेळी सेट परत आला तर आपण काय केलं होतं ते आठवतं. गिऱ्हाइकाला ते कधीच दिसत नाही.

"विष्णू, वटार," ती फोनवर अक्षर लावत वाचू लागली. "खाली तारीख. बारीक अक्षर आहे."

"सुमन, तू कुठे आहेस?"

"कामावर." श्वास. "तुमचाच ना हा?"

माझाच होता. शेजारच्या गावातल्या एका मास्तरांचा सेट. मी स्वतःच्या हाताने तो हिरव्या पेटीशेजारी ठेवला होता, कंपनीच्या टेम्पोवाल्याने तो नेला होता आणि मला पावती दिली होती. पावतीवर पानाचं चित्र होतं.

"मी फोडू ना?" तिने विचारलं. "शेठ बघतोय."

मी म्हणालो, फोड. दुसरं काय म्हणणार होतो? फोन चालूच राहिला असावा. मला घाव ऐकू आला आणि मग तो फुस्स आवाज.

मी दुकान बंद केलं आणि थेट टीचरकडे गेलो. त्या नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी सुकं गवत निवडत अंगणात बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्या गवत निवडत राहिल्या. मग उठल्या, मोरीवर जाऊन हात धुतले, पदराला पुसले आणि परत येऊन बसल्या.

"मी त्यांच्या हातून रोप घेतलं, विष्णूभाऊ," त्या म्हणाल्या. "फोटोत हसले मी."

आम्ही पुन्हा त्या काचेच्या इमारतीत गेलो. या वेळी टेम्पो नव्हता, बायकाही नव्हत्या. गायनातल्या दोघी आल्या, बाकीच्या म्हणाल्या, आता पेटी दिलीये ना त्यांनी? तो नम्र अधिकारी नोकरी सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेली मुलगीही नम्रच होती. "मी इथे नवीन आहे, पण मी नक्की बघते," ती म्हणाली, आणि मला वाटतं ती खोटं बोलत नव्हती. तिने आमच्याकडून पावतीची प्रत घेतली. खाडीपलीकडची ती जागा आम्हाला नीट सांगता येईना, कारण सुमनने ती सांगितली नव्हती. सांगितलं तर पुन्हा कुलूप लागेल, हे तिला कळत होतं. तिने एकदा ठेच खाल्ली होती.

हिरवी पेटी मी दुकानातून काढून टाकली. आता लोक जुने सेट घेऊन येतात आणि विचारतात, हे कुठे टाकू? मी सांगतो, घरीच ठेवा. माळ्यावर ठेवा. ते हसतात. किती दिवस ठेवणार, काका? माझ्या दुकानाच्या मागची खोली आता छतापर्यंत भरली आहे.

सुमन त्याच हिवाळ्यात आजारी पडली. आधी खोकला, मग पायऱ्या चढवेनात, मग सरकारी दवाखाना. टीचर रोज जात. डॉक्टरांना त्यांनी शिशाबद्दल विचारलं, धुराबद्दल विचारलं. डॉक्टर थकलेले होते. म्हणाले, "बाई, फुफ्फुसं खराब आहेत एवढं मी लिहू शकतो. कशाने झाली ते मी कुठल्या कागदावर लिहू?" मी एकदाच गेलो. खाटेवर ती उशांना टेकून बसली होती, कारण आडवं झालं की श्वास अडकायचा. मला म्हणाली, "भाऊ, तुमचं अक्षर लई चांगलं आहे." मी पुन्हा गेलो नाही. जायला हवं होतं.

थंडी सरता सरता ती गेली.

दहावं झाल्यावर टीचर आणि मी तिच्या पाड्यावर गेलो. सातिवलीच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी कुडाची पाच-सहा घरं. सकाळ होती आणि धुकं अजून उठलं नव्हतं. सुमनची आई दारात बसली होती. तिने आम्हाला पाणी दिलं आणि तांब्या पुढे करताना म्हणाली, "प्या. टँकरचं आहे. विहिरीचं पानी आमी प्यायला घेत नाय. पिवळं येतं."

टीचर खाटेवर बसल्या नाहीत. तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. त्यांना बरंच काही बोलायचं होतं, स्कूटरवर मागे बसून त्या ओठ हलवत होत्या हे मला आरशात दिसलं होतं. पण शब्द एवढेच आले, "माझं चुकलं."

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी कशाला चुकाल?" ती म्हणाली. "तुमीच आलात. दुसरं कोन आलं?"

तेवढ्यात घरातून एक मुलगी बाहेर आली. सुमनची धाकटी बहीण, मंगल. विशीतली. हातात डबा, खांद्यावर ओढणी. टीचरना पाहून ती थबकली, वाकून पाया पडली.

"कुठे निघालीस?" टीचरनी विचारलं.

मंगलने आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे बघत होती.

"ताईच्या जागेवर," मंगल म्हणाली. "शेठनी ठेवली होती जागा."

बाहेर कोंबड्या चरत होत्या. मला वाटलं, टीचर आता उठतील, तिला अडवतील, हात धरतील. त्या उठल्या खऱ्या. मंगलजवळ गेल्या, तिच्या खांद्यावरची ओढणी हातात घेतली, कापड जाडंभरडं आहे की विरळ ते दोन बोटांत धरून पाहिलं.

"ही नाकातोंडावर बांध," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा स्पष्ट होता. "दोन पदर करून. कोरडी नको, ओली करून बांध. दर तासाने पिळून परत ओली कर."

"हो, टीचर."

ती निघाली. चार पावलं गेली आणि मागे वळली.

"टीचर, टँकर रोज येत नाय," ती म्हणाली. "विहिरीच्या पान्यात भिजवली तर चालंल?"

टीचरनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मंगल डबा हातात धरून, उत्तरासाठी थांबून राहिली.